श्वास मोजण्याचं काम

आमचा बंड्या पॉमेरेनियन, वय वर्षे ११. महिनाभर रात्री खोकत होता. आईचं निदान, "घशात केस अडकलाय." (प्रत्येक पाहुण्याचं वेगळं होतं, ते असो.)

डॉक्टरांनी आधी विचारलं, खोकला येतो कधी? पट्टा ओढल्यावर बदक ओरडल्यासारखा येत असेल तर श्वासनलिका दबतेय. छोट्या जातींत हे नेहमीचं. चार कुत्र्यांत राहून आल्यावर सुरू झाला तर केनेल कफ. तो बहुधा तीनेक आठवड्यांत जातो. पण छोटा, म्हातारा कुत्रा रात्री खोकला तर हृदय तपासायलाच हवं. बंड्याची झडप गळतेय.

गोळ्या चालू आहेत. माझं काम एकच, तो गाढ झोपला की मिनिटभर श्वास मोजायचे. ३० च्या आत ठीक. वारंवार वर गेले तर डॉक्टरांना फोन. हिरड्या निळसर पडल्या किंवा धापेमुळे आडवंच होता येईना, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, गाडी काढायची. आणि आपलं कफ सिरप त्याला अजिबात द्यायचं नाही, बरं का!

मी अर्थातच एक्सेल शीट केलीय. ऑफिसातल्या सर्व्हरवरसुद्धा इतकं लक्ष नसतं. परवा २६ होते, काल २४.