दोनशे बारची हवा

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला एक-दीड बार हवा पुरते. भाचीच्या एअर रायफलची टाकी मागते २००. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारलाच दम टाकतो.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात कांस्य जिंकलं (ते ५० मीटरचं, काडतुसाचं) न् आमच्या राधानगरीकडची पोरं १० मीटरवर नेम धरू लागली. भाची हातपंपानं टाकी भरायची. "मामा, हात थरथरतोय, नेम कसा धरू?"

मी मोटारी भरणारा, म्हणून यंत्र निवडायचं माझ्याकडं आलं. दुकानदार किती मिनिटांत टाकी भरते ते सांगत होता. मी विचारलं, पाणी कुठं जातं? हवा दाबून गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतींनासुद्धा घाम फुटतो. ते पाणी रायफलीत गेलं की आतून गंज. पाणी सोडायचा कॉक आणि हवा वाळवणारा फिल्टर नसेल, तर यंत्र फुकट दिलं तरी नको. शिवाय २०० ला आपोआप बंद व्हायला हवं.

वेल्डिंगवाला म्हणाला, "माझा ऑक्सिजनच लाव की!" दाबातला ऑक्सिजन न् तेलाचा थेंब, म्हणजे भडकाच. त्याला हात जोडले.

शेवटी चार घरांनी वर्गणी काढून पाण्यानं गार होणारं यंत्र घेतलं. ते माझ्या शेडात आहे. मधूनमधून कॉक सोडतो. फिस्सकन दुधाळ पाणी उडतं.