दंडावरचा नागोबा

आमच्या घरातल्या बायका झुरळ दिसलं तरी कॉटवर चढायच्या, आणि त्याच बायका दंडावर सोन्याचा नाग घालून लग्नात मिरवायच्या. गिरगाव-दादरची बिऱ्हाडं उठून मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीला आली ती ट्रंका, पाटा-वरवंटा आणि आजेसासूबाईंच्या दागिन्यांच्या डब्यासकट. त्या डब्यात नाग हमखास असायचा. कुणाकडे नागमोडी वाकी, कुणाकडे वेणीवर बसवायचा नाग आणि खाली गोंडे, कुणाकडे बोटाला फेरे घालणारं वेढणं. अगदीच काही नसलं तर एखाद्या मामांच्या बोटात तांब्याची नागाची अंगठी तरी असेच.

नागाला भ्यायचं, पण नाग घालायचा. यात विसंगती आहे असं कुणाला वाटलं नाही. नाग ठेव्याची राखण करतो, नाग वंश वाढवतो आणि नाग भाऊ असतो. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास करायच्या. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड वाफवायचे. पाटावर गंधाचा नाग काढायचा, लाह्या वाहायच्या. गल्लीत गारुडी ओरडत यायचा तेव्हा मात्र दार लावून घ्यायचं. मुलुंड कॉलनीत डोंगराच्या पायथ्याशी किंवा आरेच्या कडेला राहणाऱ्यांना गारुड्याची गरजच नव्हती म्हणा. पाहुणा न बोलावता मोरीत यायचा.

साहेबाच्या देशातही नाग बोटात होता. व्हिक्टोरिया राणीला आल्बर्टने दिलेली साखरपुड्याची अंगठी नागाचीच होती, डोक्यावर पाचू बसवलेला. त्यांचं लग्न १८४० चं. तिकडे वेटोळं म्हणजे न संपणारं प्रेम. आमच्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘प्रेमाचं त्यांचं ते बघतील, आमचा नाग अडीनडीला उपयोगी पडतो.’

आजीची ती नागाची वाकी अजून डोळ्यांपुढे आहे. दंडाला विळखा आणि मधोमध उभा फणा. पाठीवर खवल्यांच्या बारीक रेघा, त्याही आतल्या बाजूने घासून गुळगुळीत झालेल्या. डोळ्यांत माणकं होती, त्यातलं एक कुणाच्या तरी मुंजीत गळलं. तिथे सोनाराने लाल काच बसवली, तेव्हापासून तो घरात ‘काणा नागोबा’. पत्रा एके ठिकाणी चिरला होता, त्यातून आतली लाख डोकावायची. सोनार काट्यावर घालून लाखेचं वजन वजा करू लागला की आजी पुटपुटायची, ‘मेला नागोबाचं पोट कापतोय.’ धुवायची रिठ्याच्या पाण्यात, पुसायची जुन्या धोतराच्या फडक्याने, ठेवायची तांदळाच्या डब्यात.

मूळ जोडी होती. वाटणीत फुटली, एक मुलुंडला राहिली, एक बोरिवलीला गेली. घरात लग्न निघालं की दोन्ही नाग एकत्र आणायचे. काकू मुलुंडहून निघायच्या, दादरला गाडी बदलायच्या, वाकी पोळ्यांच्या डब्यात तळाशी, वर पोळ्या, त्यावर लिंबाचं लोणचं. चोराला लोणच्याचा वास येतो, सोन्याचा येत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. लग्न उरकलं की पुन्हा ताटातूट.

१९६३ साली सुवर्णनियंत्रण आलं, नवा दागिना चौदा कॅरटच्या वर घडवायला बंदी झाली, आणि जुन्या डागांचा भाव घरातल्या घरात वाढला. तरी मोडायची वेळ यायचीच. बहिणीचं शिक्षण, भावाचं ऑपरेशन, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ओनरशिपच्या ब्लॉकचा पहिला हप्ता. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या दोन्ही अंगांना किती भिंतींत असे नाग चिणले गेलेत, कुणी मोजलेले नाहीत. आता दुकानांत वाक्या भरपूर मिळतात, पण बहुतेकांवर मोर. मोर सुंदर दिसतो, फोटोत छान येतो. राखणदार मात्र तो नव्हे.

तुमच्या लॉकरमध्ये अशी एखादी वाकी असेल, तर मोडीत घालण्याआधी कागद ठेवून पेन्सिलीने तिच्या खवल्यांचा छाप घ्या. कोणत्या आजीची, कुठल्या गावची, ते मागे लिहा. आणि जोडी फुटलेली असेल, तर दुसऱ्या घरी एक फोन करा.