कतबा आणि पाकळ्या

कबरीवरच्या फुलांवरून आमच्यात जुना वाद आहे. हजरत पैगंबरांनी (स.) खजुराची ओली फांदी चिरून दोन कबरींवर लावली; ती सुकेपर्यंत त्या दोघांचा अजाब हलका व्हावा म्हणून. या हदीसमध्ये कुणी फुलांना आधार शोधतो, तर कुणी म्हणतो, ती गोष्ट पैगंबरांपुरतीच होती. वाद आलिमांनी मिटवावा. आम्हांला त्यातला ‘सुकेपर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो.

फूल सुकते, जागा सोडते. कतबा सोडत नाही. ऐपत असलेला माणूस कबरीवर सिमेंटचा ओटा बांधतो, संगमरवर बसवतो. मग पुढच्या मयतीला जागा कुठे? मुंबईत जुहूच्या कब्रस्तानात २०१० साली मोहम्मद रफी आणि मधुबाला यांच्याही पक्क्या कबरी नव्या दफनासाठी काढल्या गेल्या. वाईट आम्हांलाही वाटले. पण रफीसाहेबांचे चाहते त्यानंतरही तिथे येत राहिले, जवळच्या नारळाच्या झाडावरून जागा ओळखत राहिले.

ताजमहालात विसावलेल्या मुमताजची मुलगी जहाँआरा १६८१ साली वारली. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या आवारात तिची कबर आहे. भोवती संगमरवरी जाळी, पण वर छत नाही; कबरीच्या माथ्यावर माती आणि हिरवळ. बादशहाच्या लेकीला गवत पुरले.

आमच्या आयाबहिणींना तर पुष्कळ ठिकाणी कब्रस्तानात जाताही येत नाही. लेकीने शब-ए-बरातला घरून दिलेला फुलांचा पुडा आईच्या कबरीवर भाऊ रिकामा करतो. म्हणून लेकीची आठवण कमी ठरते का? ती आईच्या नावाने शेजारच्या म्हातारीला जेवू घालते. तिचा कतबा तोच.

माणूस गेल्यावर त्याच्या तीनच गोष्टी चालू राहतात, असे हदीस सांगते: सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. यात संगमरवर नाही. तो खर्च मोहल्ल्यातल्या एखाद्या हुशार पोरीच्या कॉलेजच्या फीकडे वळवला, तर बापाचे नाव दगडापेक्षा जास्त टिकेल.

कबर कच्चीच राहू द्यावी. काही वर्षांनी त्याच मातीत दुसऱ्या कुणाची मय्यत उतरेल. आमच्या माणसासाठी मागितलेल्या दुआत त्या अनोळखी माणसाचाही हिस्सा असावा.