दुसऱ्याच्या गायन पार्टीत बसताना

भीमजयंती जवळ आली की आमच्या तळीये परिसरात वाडीवाडीत गायन पार्ट्यांची तालीम सुरू होते. कुणाच्या ढोलकीवाल्याला मुंबईहून रजा मिळत नाही, कुणाचा पेटीवाला आजारी पडतो. मग शेजारच्या पार्टीतला वादक बसतो. आम्हीही ढोलकी घेऊन असे पुष्कळदा बसलो आहोत. त्यात एकदा जे चुकलो, ते आज सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या गावी कार्यक्रम ऐकायला गेलो होतो. त्यांचे वयस्कर ढोलकीवाले काका मोठ्या मनाने म्हणाले, "बसा, दोन गाणी वाजवा." आम्ही बसलो ते उठलोच नाही. पेटीची पट्टी न विचारता त्यांची ढोलकी आमच्या मनाने चढवली. गायक चवदार तळ्याचा प्रसंग गात होता आणि आम्ही मध्येच बोलांचा पाऊस पाडत होतो. टाळ्या पडल्या. बक्षिसाच्या नोटाही खिशात घातल्या. काका शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून होते.

आई त्या कार्यक्रमाला होती. घरी येताना एवढेच म्हणाली, "ढोलकी ऐकली रे, गाणं काही कळलं नाही."

ते फार लागले. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा बाज घेतला, पण त्यातून बाबासाहेबांचा विचार सांगितला. वामनदादा कर्डक (1922-2004) गावोगाव गात हिंडले ते हाच विचार घरोघर पोचावा म्हणून. आपल्या गाण्यात शब्द पुढे चालतो, वाद्याने त्याच्या मागे चालावे.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. आधी पार्टीप्रमुखांना विचारावे. एकदोन गाणी ऐकून त्यांची लय ओळखावी. पट्टी गायकाची, ढोलकी तिच्याशी जुळवावी. अंतरा चालू असताना हात हलका ठेवावा; कोरस आला की मोकळा सोडावा. कुणी चुकले तर स्टेजवर बोलू नये. बक्षीस पार्टीच्या ताटात टाकावे. आणि ठरलेली गाणी झाली की ज्याची जागा त्याला द्यावी.

यजमान पार्टीनेही पाहुण्याचे नाव माइकवर सांगावे, त्याला चहा-जेवण विचारावे. आपल्या वाडवडिलांना गावकीत वाजवायला बोलावत, पण मानाने बसवत नसत. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक ठिकाणी आपल्या लोकांनी ते वाजवणे सोडले. तो अपमान सोसलेल्यांच्या मुलांनी एकमेकांचा मान राखू नये काय?

पुढच्या जयंतीला आम्ही काकांकडे गेलो, चूक कबूल केली आणि तेवढे पैसे पार्टीच्या ताटात टाकले. काकांनी हसून ढोलकी पुढे सरकवली. आम्ही ती परत त्यांच्यापुढे ठेवली आणि खंजिरी मागून घेतली.

जय भीम!