उसने दिलेले खाते

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला काही गोष्टी मुद्दाम शिकवाव्या लागत नाहीत. दुकानाचा शिक्का, सही केलेला कोरा धनादेश आणि गल्ल्याची किल्ली बाहेरच्याच्या हाती द्यायची नसते, हे तो पाहता पाहता शिकतो. मात्र त्याच घरातला महाविद्यालयात जाणारा मुलगा आपले बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दोन दिवसांसाठी मित्राला देतो, तेव्हा आपण काही वावगे करीत आहोत असे त्याच्या मनातही येत नाही.

विद्यार्थ्यांची ऑनलाइन सुरक्षितता म्हटली की मुलांना फसवणुकीपासून कसे जपावे, एवढाच विचार आपण करतो. ओटीपी सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, हे आता शाळेतली मुलेही जाणतात. परंतु आपला मुलगा दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे साधन होऊ शकतो, ही शक्यता आपण क्वचितच ध्यानात घेतो. बँकेतून निवृत्त झाल्यानंतरही ओळखीची मंडळी सल्ल्यासाठी येतात आणि अलीकडे हाच विषय वरचेवर निघतो, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहे.

गेल्या वर्षी आपल्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचे परिचित व्यापारी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा नाशिकला वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारा. वसतिगृहातल्याच एका मुलाने त्याला सांगितले होते, "माझ्या खात्याची मर्यादा संपली आहे. पैसे तुझ्या खात्यात येतील, ते काढून दे. हजारामागे वीस रुपये तुझे." ४८ हजार रुपये आले. याने ते काढून दिले आणि ९६० रुपये स्वतःकडे ठेवले. काही दिवसांनी परराज्यातील सायबर पोलिसांच्या सूचनेवरून खाते गोठवले गेले. ती रक्कम फोनवरून फसवल्या गेलेल्या एका वृद्ध गृहस्थांची होती. पोलिसांचा पहिला संदेश आला, तेव्हा वडील रागावतील या भीतीने मुलाने तो तीन आठवडे दडवून ठेवला. "साहेब, माझ्या मुलाने कोणालाही फोन केला नाही, कोणाला फसवले नाही," वडील पुन्हा पुन्हा सांगत होते. ते खरेही होते. तरीसुद्धा तपासाच्या कागदावर नाव त्यांच्या मुलाचेच होते.

असे का घडते, हे समजून घेतले पाहिजे. फसवणूक करणारा माणूस लुबाडलेला पैसा स्वतःच्या खात्यात घेत नाही. तो आधी दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो, काही मिनिटांत अनेक खात्यांत विभागला जातो आणि शेवटी रोखीने काढला जातो किंवा आभासी चलनात बदलला जातो. फसलेल्या व्यक्तीने १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार केली की पैशाची वाट संबंधित बँकांना कळते आणि त्या वाटेवरील खात्यांतील रकमा रोखल्या जातात. त्या वाटेवर दिसतात ती खातेदारांची नावे. फोन करणाऱ्याचे नाव त्यात कोठेच नसते.

बँकेच्या भाषेत अशा खातेदाराला 'मनी म्यूल' म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. पाठीवर काय लादले आहे हे खेचराला ठाऊक नसते, पण नाक्यावर पहिल्यांदा अडवले जाते ते तेच. विद्यार्थ्याचे खाते या कामाला सोयीचे पडते, कारण त्याची कागदपत्रे खरी असतात, खात्यावर कसलाही डाग नसतो आणि हजार-पाचशे रुपयांचा मोह त्या वयात पुरेसा ठरतो. मात्र घरून महिन्याला चार हजार येणाऱ्या खात्यात अचानक लाखाची ये-जा सुरू झाली, तर ती लपून राहत नाही. अशी खाती हुडकून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित 'म्यूलहंटर' ही प्रणाली तयार केली असून डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना तिच्या वापरासाठी सहकार्याचे आवाहन केले.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावच्या छावणी पोलीस ठाण्यात एका तरुणाच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवला गेला. बाजार समितीत नोकरी लावून देतो, असे सांगून काही तरुणांची आधार आणि पॅन कार्डे घेतली गेली, त्यांच्या नावाने तेथील एका बँकेत खाती उघडली गेली आणि त्या खात्यांमधून शंभर कोटींहून अधिक रुपयांची उलाढाल झाली, असा हा आरोप आहे. पुढे सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजेच ईडीने, महाराष्ट्र व गुजरातेत छापे टाकले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. आपण लक्षात घ्यायचे ते इतकेच की, नोकरीच्या आशेने कागदपत्रे देणाऱ्या साध्या घरांतील मुलांची नावे शंभर कोटींच्या हिशेबाला जोडली गेली.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला सायबर हल्ला आम्हा बँकवाल्यांच्या आजही स्मरणात आहे. सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले आणि २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी रोकड काढली गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली. कार्डे बनावट असल्याचे या मंडळींना ठाऊक होते, त्यामुळे अजाण विद्यार्थ्याशी त्यांची तुलना करता येणार नाही. पण एक गोष्ट सारखी आहे. साखळीचे जे टोक आपल्या गावात असते, ते आधी हाती लागते. सूत्रे हलवणारा बहुधा फार दूर असतो.

"मी चोरी केली नाही, मी फक्त पैसे काढून दिले," हे मुलांचे उत्तर आपल्या परंपरेलाही मान्य होणारे नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिले दोन आहेत स्तेनप्रयोग आणि तदाहृतादान. चोराला चोरीसाठी प्रवृत्त करणे किंवा साहाय्य करणे हा एक आणि चोराने आणलेली वस्तू घेणे हा दुसरा. आजचा कायदाही याच्या फार जवळ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीच्या मालाची व्याख्या करताना फसवणुकीने मिळवलेली मालमत्ताही धरली आहे. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा गुन्हा आहे. काहीही कष्ट न करता हजारामागे वीस रुपये कोणी का देईल, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या मुलाला पडायलाच हवा.

तो का पडत नाही, याचा शोध मात्र आपल्या घरात घ्यावा लागेल. मी सेवेत रुजू झालो त्या काळी खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. रविवार कारंजा, सराफ बाजार भागातील जाणते व्यापारी ती सही सहजासहजी करीत नसत. आपल्या सहीने उघडलेल्या खात्यात काही काळेबेरे झाले तर आपली पत जाईल, ही त्यांना धास्ती असे. आता मोबाईलवर काही मिनिटांत खाते उघडते. हमी देणारे तिसरे माणूस मध्ये उरलेले नाही. नावाची राखण ज्याची त्यानेच करायची आहे.

आणि आपण काय करतो? मुलाच्या नावाने बचत खाते उघडतो, त्याला मोबाईल क्रमांक आपला जोडतो आणि दुकानाच्या काउंटरवर त्याच खात्याचा क्यूआर कोड लावतो. उलाढाल थोडी विभागली जाते, एवढाच हेतू. घरातल्या घरात त्यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की, बचत खाते व्यापारासाठी नसते आणि मुलाच्या पॅनखाली साठत जाणाऱ्या या नोंदींचा जाब उद्या त्यालाच द्यावा लागतो. त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. आपले खाते ही कोणाचाही पैसा ठेवता येईल अशी एक सोयीची पिशवी आहे, हा धडा तो आपल्याकडून घेतो. वडिलांना वापरू दिलेले खाते मित्राला देताना मग त्याचा हात अडखळत नाही.

म्हणून मुलांना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. खाते, कार्ड, सिमकार्ड आणि पासवर्ड जिवलग मित्रालाही तासाभरासाठी देऊ नये. अनोळखी रक्कम खात्यात आली तर ती खर्च करू नये, आणि "चुकून आले, या नंबरवर परत पाठवा" असा फोन आला तरी परस्पर पाठवू नये. बँकेला लेखी कळवावे आणि पुढची कार्यवाही बँकेवर सोपवावी. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत, हे केंद्र सरकारच्या 'संचार साथी' सेवेवर पाहता येते. ते वर्षातून एकदा तरी पाहावे. आणि खाते दिले गेलेच असेल, तर त्याच दिवशी घरी सांगून बँकेत अर्ज द्यावा व सायबर पोलिसांना कळवावे. खाते गोठण्यापूर्वी स्वतःहून पुढे येणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी निराळी असते.

यातील शेवटची गोष्ट मुलांपेक्षा आपल्यावर अधिक अवलंबून आहे. त्या मुलाचे तीन आठवडे वडिलांच्या रागाच्या भीतीत गेले. ते वाचले असते, तर पुढचे हेलपाटे बरेच कमी झाले असते. दिवाळीत वहीपूजन झाले की घरातील प्रत्येक मुलाची खाती, कार्डे आणि सिमकार्डे यांची यादी त्याच्याबरोबर बसून करावी. दुकानाच्या काउंटरवर त्याच्या खात्याचा क्यूआर कोड असेल, तर तो त्याच दिवशी उतरवावा. मग त्याला विचारावे, यातले काही कोणाला दिले आहेस का? उत्तर काहीही आले तरी ते आधी शांतपणे पूर्ण ऐकून घ्यावे.