माँटरे येथील पाणमांजरें व त्यांचें पाणी

सॅनफ्रॅन्सिस्कोच्या दक्षिणेस माँटरे नांवाचें जुनें गांव आहे. एके काळीं येथें सार्डीन मासळी डब्यांत भरण्याचे कारखाने गजबजलेले असत. मासळी आटली, कारखाने ओस पडले, आणि त्यांतील एकाच्या जागीं १९८४ सालीं मत्स्यालय उघडलें. तेथील समुद्री पाणमांजरें पाहावयास आम्ही गेलों खरे. परंतु आमचें लक्ष त्यांच्या क्रीडेपेक्षां पाण्याकडेच अधिक लागलें.

मासा पाण्यांतील प्राणवायु घेतो. हा प्राणी आपल्याप्रमाणें हवेंत श्वास घेतो. त्यास भय आहे तें निराळेंच. देवमाशासारखा चरबीचा थर त्यास नाहीं. चौरस इंचास दहा लाखांपर्यंत केस असलेली लोकर हीच त्याची बंडी. ती तेलकट मळानें माखली कीं थंडी अंगांत शिरते. म्हणून बिचारा सारखा अंग चोळीत असतो. शिवाय रोज वजनाच्या सुमारें चतुर्थांश अन्न खातो. त्याचें पुढें काय होतें व तें कोठें जातें, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

येथें पाणी उपसागरांतूनच खेंचून आणतात. समुद्रवनस्पतींच्या २८ फूट उंच कुंडांत दिवसा गाळलेलें व रात्रीं न गाळलेलें पाणी सोडतात. त्याबरोबर येणारे सूक्ष्म जीव आंतील प्राण्यांचें अन्न होत. दिवसाचें गाळणें केवळ आम्हां प्रेक्षकांसाठीं!

नितळ पाणी निर्दोष असतेंच असें नाहीं. अमेरिकन सरकारच्या नियमाप्रमाणें समुद्री सस्तन प्राण्यांचें पाणी आठवड्यांतून निदान एकदां कोलिफॉर्म जंतूंसाठीं तपासावें लागतें. १०० मिलिलिटरांत ते १,००० हून अधिक निघाल्यास ४८ तासांच्या अंतरानें आणखी दोन नमुने घेऊन सरासरी काढतां येते. तीही उतरली नाहीं तर पाणी तत्काळ सुधारलें पाहिजे. क्लोरीन घातल्यास जंतु मरतात, पण मूत्रांतील द्रव्यांशीं संयोग होऊन डोळ्यांस झोंबणारीं क्लोरामिनें बनतात. यास्तव औषध घातलें कीं त्याचेंही माप रोज घ्यावयाचें!

इतका खटाटोप करून प्राणी कोंडावेच कां? खेळ करविण्यासाठीं तर मुळींच नव्हे. २०१३ सालीं आपल्या सरकारनें डॉल्फिनगृहांस मनाई केली, ती आम्हांस योग्यच वाटते. येथील गोष्ट थोडी वेगळी आहे. लोकरीपायीं झालेल्या संहारानंतर १९३८ सालीं या किनाऱ्यावर जेमतेम पन्नास पाणमांजरें आढळलीं. आतां समुद्रांत परत सोडतां न येणाऱ्या माद्या येथें अनाथ पिलांस शिंपले फोडावयास शिकवितात, आणि तीं पिलें मोठीं झालीं कीं समुद्रांत सोडलीं जातात.