आल्बर्ट हॉलमधले वर्षश्राद्ध

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन स्टेशनवर उतरले की एक लांबलचक भुयारी वाट लागते. तिच्यातून वर आलात की एक्झिबिशन रोड. उजव्या हाताला व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम, डाव्या हाताला सायन्स म्युझियम, पुढे इम्पीरियल कॉलेज. आपल्याकडची मंडळी बहुधा या म्युझियमांतच थकतात आणि तिथूनच माघारी फिरतात. पण आणखी थोडे चालून प्रिन्स कन्सॉर्ट रोडला डावीकडे वळायचा कंटाळा करू नये. तिथे रुंद पायऱ्यांच्या वर लाल विटांची, गोल घुमटाची एक प्रचंड इमारत उभी दिसते. हाच तो रॉयल आल्बर्ट हॉल. उलट्या ठेवलेल्या पातेल्यासारखा दिसतो, असे म्हटले तर इंग्रज रागावतील. पण पहिल्यांदा पाहताना मनात तेच येते.

हा हॉल म्हणजे एका विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी केलेले काम आहे. राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स आल्बर्ट १८६१ साली गेला, तेव्हा तो अवघा ४२ वर्षांचा होता. कला आणि विज्ञान यांच्यासाठी या भागात एक मोठे सभागृह असावे ही त्याची इच्छा. १८६७ साली राणी पायाभरणीला आली आणि ठरलेल्या नावाच्या आधी तिने आल्बर्टचे नाव जोडून टाकले. २९ मार्च १८७१ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा राणीला इतके भरून आले की तिच्या तोंडून शब्द फुटेना. अखेर युवराजाने हॉल खुला झाल्याचे जाहीर केले. समोर बागेच्या कडेला आल्बर्टचा सोनेरी पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार खंडांची शिल्पे आहेत. त्यांतला आशिया खंड चक्क हत्तीवर बसलेला आहे! हिंदुस्थानी माणसाने तिथे फोटो काढलाच पाहिजे.

बांधकामाच्याही गमती आहेत. लोखंडी घुमट आधी मँचेस्टरला जोडून पाहिला, मग सुटा करून घोडागाड्यांतून लंडनला आणला. खालचे टेकू काढायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना बाहेर काढण्यात आले. घुमट खाली आला खरा, पण एका इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! मात्र आवाजाने इंजिनिअरांची फजिती केली. स्वर घुमटावर आपटून परत येई आणि प्रत्येक गाणे दोनदा ऐकू येई. एका तिकिटात दोन मैफली, असा विनोद लंडनमध्ये जवळजवळ १०० वर्षे चालला. १९६९ साली छताला फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्या तेव्हा कुठे तो घुमारा आटोक्यात आला. आत पाहिले तर त्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या अजून लटकलेल्या दिसतात.

आठवणीसाठी बांधलेल्या याच वास्तूत २९ नोव्हेंबर २००२ रोजी संध्याकाळी आणखी एका विधवेने आपल्या नवऱ्याच्या आठवणीचा कार्यक्रम केला. तिचे नाव ऑलिव्हिया हॅरिसन. नवरा म्हणजे बीटल्स या चौकडीतला सर्वांत धाकटा, अबोल जॉर्ज हॅरिसन. कॅन्सरने तो ५८व्या वर्षी गेला, त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. इंग्रजीत या कार्यक्रमाचे नाव साधेच होते, ‘कॉन्सर्ट फॉर जॉर्ज’. आपण मात्र ते पाहिले तर दुसरा शब्दच सुचत नाही. ते वर्षश्राद्ध होते. तिथीऐवजी तारीख धरली, एवढाच फरक.

दिवंगत रॉक कलावंतासाठी बड्याबड्यांनी एकत्र येऊन गाणे ही पद्धत तिकडे आता रुळली आहे. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला पारशी मुलगा फ्रेडी मर्क्युरी गेला, तेव्हा १९९२ साली वेम्बली स्टेडियमवर असाच सोहळा झाला होता. हजारो माणसे, अवाढव्य रंगमंच. असे सोहळे भव्य असतात, पण त्यांत गेलेला माणूस पुष्कळदा हरवतो. जो तो आपले गाणे म्हणून जातो. आल्बर्ट हॉलमध्ये तसे झाले नाही, आणि याचे श्रेय माझ्या मते त्या रात्रीच्या पहिल्या तासाला आहे.

तो पहिला तास आपला होता.

हॉलमध्ये पाच हजारांवर माणसे बसलेली. मागे जॉर्जचे भलेमोठे छायाचित्र. आणि त्याच्या पुढे गिटारी, ड्रम्स सुरू व्हायच्या आधी बैठकीवर मांडी घालून बसलेले भारतीय वादक. सुरुवात झाली ती ‘सर्वेषाम्’ या संस्कृत प्रार्थनेने, सगळ्यांचे भले होवो असे मागणाऱ्या. नंतर पंडित रविशंकर बोलायला उठले. वय ८२. जॉर्ज त्यांचा शिष्य, मित्र आणि मुलासारखा. जॉर्ज आज इथेच आहे असे मला फार वाटते, एवढेच काय ते त्यांनी सांगितले. स्वतःचा एक मुलगा, शुभेंद्र, त्यांनी १९९२ मध्ये गमावला होता. मुलाने बापाचे करायचे, ही आपली रीत. इथे दुसऱ्यांदा ती उलटी झाली होती.

रविशंकर स्वतः वाजवायला बसले नाहीत. सतार हातात घेतली ती २१ वर्षांच्या अनुष्काने. तिच्या एकल वादनानंतर जेफ लिन या इंग्रज गायकाने त्याच भारतीय साथीदारांबरोबर जॉर्जचे ‘द इनर लाइट’ म्हटले. आता या गाण्यासाठी थोडे मुंबईला यायला हवे, कारण त्याचा जन्म तिथला आहे.

जॉर्ज मुंबईला पहिल्यांदा शिकायला आला तो सप्टेंबर १९६६ मध्ये. जूनमध्ये लंडनला त्याची आणि रविशंकरांची गाठ पडली होती. सतार त्याने त्याआधीच बीटल्सच्या एका गाण्यात वाजवली होती, पण ती हौसेची. आता रीतसर बैठक घालायची होती. ताजमहाल हॉटेलात तो खोटे नाव सांगून उतरला. एवढ्या प्रसिद्ध चेहऱ्याचे गुपित किती दिवस राहणार? खाली पोरापोरींची गर्दी जमली, शेवटी पत्रकारांना बोलावून मी इथे शिकायला आलो आहे, मला शिकू द्या, असे सांगावे लागले. मग गुरुशिष्य काश्मीरला हाउसबोटीत जाऊन राहिले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचे काम करायला. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज थेट आत येत असे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे तेव्हाचे तरुण वादक त्या दिवसांत त्याच्या बरोबर वाजवीत होते. हाताशी थोडा वेळ उरला तेव्हा त्याने एक जादा धून ध्वनिमुद्रित करून घेतली आणि लंडनला जाऊन तिच्यावर शब्द गायला. तेच ‘द इनर लाइट’. फोर्टातल्या त्या गजबजाटात जन्मलेले सूर ३४ वर्षांनी आल्बर्ट हॉलच्या घुमटाखाली वाजले.

जॉर्जने सतारीवर हुकूमत मिळवली असे कुणी म्हणत नाही, तोही म्हणत नसे. गुरूनेच त्याला तुझी मुळे शोध असे सुचवले आणि तो गिटारकडे परतला. पण गिटारच्या तारेवर तो सळई सरकवून जो स्वर काढी, त्यात मींड ऐकू येते. आणि गुरूचे ऋण त्याने दुसऱ्या वाटेने फेडले. १९७१ मध्ये बांगलादेशातल्या निर्वासितांचे हाल पाहून रविशंकरांनी शब्द टाकला, आणि जॉर्जने १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मदतीसाठी कार्यक्रम उभा केला. वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या आणि रविशंकरांनी त्यावर हसत चिमटा काढला, तो हाच कार्यक्रम. १९७४ मध्ये अल्लारखाँ, लक्ष्मी शंकर, शिवकुमार, हरिप्रसाद अशा कलावंतांचा ताफा त्याने युरोपात आणला. त्या दौऱ्याची पहिली मैफल कुठे झाली? याच आल्बर्ट हॉलमध्ये.

तेव्हा २००२च्या रात्री भारतीय संगीत शोभेसाठी आणलेले नव्हते. ज्या दाराने जॉर्जने त्यांना आत आणले, त्याच दाराने ते त्याला निरोप द्यायला आले होते. रविशंकरांनी या दिवसासाठी मुद्दाम एक मोठी रचना केली होती, ‘अर्पण’. वीस मिनिटांहून अधिक लांबीची. शहनाई, बासरी, तबला, मृदंग, समूहगान आणि जोडीला पाश्चात्य व्हायोलिनांचा ताफा. राजेंद्र प्रसन्न, तन्मय बोस असे वादक. पुढे उभी राहून हातांनी सगळ्यांना चालवीत होती ती अनुष्का. मध्येच एरिक क्लॅप्टन आपली साधी लाकडी गिटार घेऊन त्या मेळ्यात सामील होतो आणि एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा वाजवतो. आणि हे सगळे रचणारा म्हातारा गुरू खाली, श्रोत्यांत बसून ऐकतो आहे. त्या रात्रीत पुढे पुष्कळ टाळ्या झाल्या, पण मला हे सर्वांत मोठे वाटते.

क्लॅप्टनविषयी एक सांगायला हवे. कार्यक्रमाच्या संगीताची धुरा त्याच्यावर होती. जॉर्जची पहिली बायको पॅटी हिने जॉर्जला सोडल्यावर लग्न केले ते याच क्लॅप्टनशी, १९७९ मध्ये. आपल्याकडे अशा दोघांनी जन्मात एकमेकांचे तोंड पाहिले नसते. जॉर्ज मात्र त्यांच्या लग्नाच्या मेजवानीला गेला आणि तिथे गायला-वाजवायलाही बसला. मैत्री टिकली ती शेवटपर्यंत. त्या रात्री ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ या गाण्यात क्लॅप्टनची गिटार ऐकताना ही सगळी वर्षे त्यात ऐकू येतात. मूळ ध्वनिमुद्रणातही, १९६८ साली, ती गिटार त्याचीच होती.

दुसरा भाग रॉकचा, पण त्याआधी विनोद. माँटी पायथन या इंग्रज विनोदवीरांचा चमू आला आणि त्याने असा वात्रटपणा केला की इथे लिहिण्याची सोय नाही. श्राद्धाला हे काय, असे वाटेल. पण त्यांचा ‘लाइफ ऑफ ब्रायन’ हा चित्रपट पैशाअभावी अडला, तेव्हा जॉर्जने घर गहाण टाकून तो पुरा करवला होता. कारण विचारले तर, मला तो पाहायचा होता! त्यांच्या लाकूडतोड्यांच्या गाण्यात मागे कोरसमध्ये उभा असलेला एक गडी हॉलिवूडचा टॉम हँक्स होता, हे कित्येकांच्या लक्षातही आले नाही.

मग टॉम पेटी, गॅरी ब्रूकर, बिली प्रेस्टन. प्रेस्टनने ‘माय स्वीट लॉर्ड’ म्हटले. हरे कृष्ण आणि हॅलेलुया एकाच गाण्यात गुंफण्याचे धाडस जॉर्जने १९७० मध्ये केले होते. सॅम ब्राऊन या गायिकेने जे गाणे म्हटले ते जॉर्जने मृत्यूच्या दोनच महिने आधी मुद्रित केलेले. रिंगो स्टार आला तो ‘फोटोग्राफ’ घेऊन, जे त्याने आणि जॉर्जने मिळून केले होते. पॉल मॅकार्टनीच्या हाती तर एवढेसे उकुलेले होते, चार तारांचे खेळण्यासारखे वाद्य. जॉर्जच्या घरी जेवणे झाली की ही उकुलेली बाहेर निघत, अशी आठवण सांगून त्याने जॉर्जचे प्रेमगीत ‘समथिंग’ त्या टुणटुणीवर सुरू केले. थोड्या वेळाने सगळा वाद्यवृंद त्यात मिसळला.

या सगळ्या गर्दीत बहुतेक प्रत्येक गाण्यात एक सडपातळ तरुण मागे गिटार घेऊन उभा दिसतो. हुबेहूब जॉर्ज! तो त्याचा मुलगा, तेव्हा २४ वर्षांचा. नाव धानी. हे नाव कुठल्या इंग्रजी पुस्तकातले नाही, आपल्या सरगमातले आहे: ‘ध’ आणि ‘नी’. त्याच्याकडे पाहून ऑलिव्हिया म्हणाली होती की जॉर्ज तेवढा तरुण राहिला आणि आपण सगळे म्हातारे झालो. पॉलने ते मंचावर सांगितले.

जमलेला पैसा जॉर्जने १९७३ मध्ये स्थापलेल्या मटेरियल वर्ल्ड फाउंडेशनला गेला. त्याच वर्षी त्याने लंडनजवळ हर्टफर्डशायरमध्ये घेऊन कृष्णभक्तांना दिलेला वाडा, भक्तिवेदांत मॅनर, आज जन्माष्टमीला माणसांनी फुलतो. लंडनला दोन दिवस जादा असतील तर तेही पाहावे. कार्यक्रमाचा चित्रपट २००३ मध्ये आला. कॅसेट-सीडीच्या दुकानांचा जमाना संपला तरी तो अजून पाहायला मिळतो. त्यातले बिली प्रेस्टन, टॉम पेटी, गॅरी ब्रूकर आता नाहीत. रविशंकरही डिसेंबर २०१२ मध्ये गेले.

आल्बर्ट हॉल आत जाऊन बघता येतो, तिकीट काढून माहितगार माणसाबरोबर फिरता येते. लाल मखमलीच्या खुर्च्यांत बसून छताकडे जरूर पाहा. बांधकामाच्या खर्चासाठी हजाराहून अधिक खुर्च्या तेव्हा १०० पौंडांना एक अशा ९९९ वर्षांच्या कराराने विकल्या होत्या आणि त्या आजही वारसाहक्काने चालत येतात. आपल्या गावातला वडिलोपार्जित आंबाच जणू.

त्या रात्री शेवटचे गाणे कुणा मोठ्या नावाचे नव्हते. जो ब्राऊन नावाचा जुना गायक, ज्याच्या लग्नात २००० साली जॉर्ज पाठराखा म्हणून उभा होता, एकटा उकुलेले घेऊन पुढे आला. स्वप्नात पुन्हा भेटू, अशा अर्थाचे एक जुने, १९२०च्या दशकातले गाणे त्याने हळूच सुरू केले. आणि वरून, त्या फायबरग्लासच्या छत्र्यांमधून, गुलाबाच्या पाकळ्या खाली येऊ लागल्या.